बारा पेरांचा भुंगेरा

माझी मावशी आधी घड्याळं दुरुस्त करायची, मग भुंगेरे दुरुस्त करायला लागली. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग विचारतो, "म्हणजे काय?" म्हणून जरा नीट सांगते.

माझे आजोबा, आमचे नाना, घड्याळजी होते. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. पाठ टेकायला भिंत, समोर काचेचं टेबल आणि वर एक दिवा. त्यांना दोन मुली. धाकटी म्हणजे माझी आई. तिला त्या खोलीत पाच मिनिटं बसवायचं नाही. थोरली म्हणजे मावशी. ती शाळेतून आली की दप्तर फेकून थेट नानांच्या शेजारच्या स्टुलावर. दहाव्या वर्षी ती डोळ्याला भिंग लावून स्प्रिंग काढायची. नाना म्हणायचे, "हिच्या हाताला घाई नाही. घाई नसलेला हात बाजारात मिळत नाही."

नाना गेले तोवर घड्याळं दुरुस्त करून घेणारी माणसंही कमी झाली होती. मावशीनं दुकान आणखी चार वर्षं रेटलं आणि मग कुलूप लावलं. त्याच सुमारास गावातल्या प्राणिसंग्रहालयाच्या कीटक विभागात मदतनिसाची जागा निघाली. हे संग्रहालय जिवंत प्राण्यांचं नव्हे, पेट्यांत जपून ठेवलेल्यांचं. मुलाखतीत तिला एक वाळलेला भुंगेरा दिला आणि त्याचा तुटलेला पाय दिला. मावशीनं पर्समधून स्वतःचा चिमटा काढला. पाय बसला. नोकरीही तिथेच बसली.

तिचं काम असं: बाहेरून आलेले कीटक वाळून कडक झालेले असतात. ते ओल्या वाळूच्या डब्यात ठेवून मऊ करायचे. मग पाय सरळ करायचे, टाचणी लावायची. भुंगेऱ्याला टाचणी नेहमी उजव्या पंखकवचातून, मधोमध नाही, कारण मधल्या खुणा अभ्यासाला शाबूत लागतात. खाली नखाएवढी चिठ्ठी: कुठे सापडला, कधी, कुणाला. आणि जुन्या पेट्यांतले तुटके पाय, सुटलेल्या मिशा, निखळलेली डोकी पुन्हा जागेवर आणायची. विभागातले लोक तिला भिंगताई म्हणायचे. ती चिडायची नाही. म्हणायची, "घुबडताई म्हणत नाहीत हे काय कमी आहे!"

मावशीनं लग्न केलं नाही. ती आमच्याकडेच राहायची, त्यामुळे आमच्या घरी जेवताना भुंगेऱ्यांच्या गप्पा असायच्या. आई वैतागायची, "निदान आमटी वाढेपर्यंत तरी थांब!" पण मला त्या आवडायच्या. मावशीचे सगळ्यांत लाडके म्हणजे लांब मिशांचे भुंगेरे. या कुळातल्यांच्या मिशा अंगाएवढ्या, काहींच्या अंगाच्या दुप्पट-तिप्पट. "स्वतःची लांबी मोजायला माप बरोबर घेऊन हिंडतात," मावशी म्हणायची. त्यांचा डोळा गोल नसतो. मिशी जिथून उगवते तिथे डोळ्याला खाच असते, जणू मिशीला जागा द्यायला डोळा बाजूला सरकलाय. पायाचा पंजा वरवर पाहिला तर चार पेरांचा, पण नीट पाहिलं तर पाचवं एक चिमुकलं पेर तिसऱ्याच्या खोबणीत लपलेलं. आणि मिशीला पेरं अकरा. काही थोडके सोडले तर अकराच.

आता त्या थोडक्यांतल्या एकाची गोष्ट.

संग्रहालयाच्या दारातून आत गेलं की समोरच एका काचपेटीत एकच भुंगेरा होता. राखाडी अंग, वर बारीक लव, खांद्यांशी काळ्या चकचकीत गाठी. डावी मिशी मुळापासून गायब, उजवी मात्र अख्खी, कमानीसारखी मागे वळलेली. ती मिशी बारा पेरांची. पस्तीस वर्षांपूर्वी तेव्हाच्या प्रमुखांनी, ज्यांना सगळे थोरले साहेब म्हणत, या एका भुंगेऱ्यावरून नवीन प्रजाती जाहीर केली होती. मावशी मला समजावायची: जाती म्हणजे भावंडं, प्रजाती म्हणजे घराणं. तर थोरल्या साहेबांनी एक अख्खं घराणं शोधलं होतं, आणि त्या घराण्याचं मुख्य लक्षण म्हणून लिहिलं होतं: मिशीला बारा पेरं. जगात तसा दुसरा नमुना कुणाकडे नव्हता. संग्रहालयाच्या तिकिटावर त्याचंच चित्र, फाटकावर लोखंडात घडवलेला तोच. गावात त्याला सगळे बारापेरी म्हणत.

आणि आमच्या घरात त्याचा वेगळाच रुबाब होता. कारण तो नानांनी दुरुस्त केला होता. तेव्हा विभागात असं काम करणारं कुणी नव्हतं, म्हणून नाजूक तुकडे नानांकडे यायचे. आई आणि मावशी लहान असताना सुट्टीच्या दिवशी नाना त्यांना हात धरून न्यायचे, काचेसमोर उभं करायचे आणि हळूच म्हणायचे, "याला मी उभा केलाय." एवढंच. पुढे काही नाही. पण आई सांगते, त्या वेळी नाना वीतभर उंच दिसायचे.

मावशी सत्तेचाळीस वर्षांची असताना दालनाची फरशी बदलायला काढली. चौघांनी काचपेटी उचलली, एकाचा पाय घसरला, पेटी हातभरावरून आदळली. काच फुटली नाही. पण बारापेरीची मिशी मधोमध तुटली.

सगळे हबकले. मावशीला बोलावणं गेलं. तिनं पेटी उघडली, तुकडा चिमट्यानं उचलला आणि भिंग लावलं. नंतर तिनं मला सांगितलं ते असं: भुंगेऱ्याची मिशी आतून पोकळ असते. ती तुटली की कडा खडबडीत दिसते, बस्स. पण इथे डोक्याकडच्या तुकड्यातून एक काळा केस बाहेर आला होता. ताठ, तांदळाच्या दाण्याएवढा. रंगाच्या ब्रशाचा केस. आणि त्याच्याभोवती काजळी मिसळलेली लाख.

"तो केस मी ओळखला," मावशी म्हणाली. "नानांनी मला तो धडा शिकवला होता. बारीक नळी जोडायची असेल तर बाहेरून लाख फासायची नाही. आत केस घालायचा, केसाला लाख लावायची, सुईनं ऊब द्यायची. जोड दिसता कामा नये."

मग तिनं पेरं मोजली. डोक्याकडे पाच. तुटलेल्या तुकड्यात सात.

पाच आणि सात बारा. पण पाचवं पेर बारीक होत आलेलं, आणि त्याला जोडलेलं पुढचं पेर त्याच्यापेक्षा जाड. मिशी टोकाकडे निमुळती होत जाते, मध्येच जाड होत नाही. डोक्याकडच्या पाच पेरांच्या बुडाशी पांढरी वळी होती, पुढच्या सातांची वळी पिवळट. बाहेरून लव आणि धूळ यांत ते कळत नव्हतं. आता भिंगाखाली ढळढळीत दिसत होतं. बारापेरीची अर्धी मिशी दुसऱ्याच कुठल्या तरी भुंगेऱ्याची होती.

मावशीनं तुकडा डबीत ठेवला, डबी कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि घरी आली. आठ दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. भात पानात निवून जायचा. नवव्या दिवशी आईनं तिला कोंडीत पकडलं आणि तिनं सगळं सांगितलं. मी तेव्हा कॉलेजात होते. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होते.

आई म्हणाली, "मग जोडून टाक ना गं. तुला येतंच. कोण बघणार आहे?"

"मी बघितलंय."

"अगं, पण नानांचं नाव! जन्मभर त्या माणसानं कुणाचं चुकीचं घड्याळ हातात दिलं नाही. आता लोक म्हणतील, घड्याळजीनं भलतीच मिशी चिकटवली आणि सगळ्या जगाला फसवलं."

"त्यांना जे तुकडे दिले ते त्यांनी जोडले. त्यांना काय माहीत कुठल्याचे होते!"

"ते तुला माहीत, मला माहीत. लोकांना?"

मावशीनं हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाली, "ताईपण गाजवत नाही, पण ऐक. नानांकडे कुणी घड्याळ आणलं आणि त्यात आधी कुणी भलतंच चाक घातलेलं निघालं, तर ते काय करायचे? गपचूप झाकण लावायचे? गिऱ्हाईकाला समोर बसवून दाखवायचे. मग ते चाक त्यांच्या स्वतःच्या हातचं का असेना."

आईच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिनं मावशीच्या पानात गरम भात वाढला. आमच्या घरात त्याचा अर्थ 'जा, कर' असा होतो.

दुसऱ्या दिवशी मावशीनं विभागप्रमुख बाईंना सांगितलं. बाई मावशीपेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, हुशार आणि सरळ. त्यांनी स्वतः भिंगाखाली पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि खुर्चीत बसल्या.

"ताई, हे बाहेर गेलं तर घराणंच जातं. फाटकावरचा भुंगेराही काढावा लागेल."

"घराणं जाणार नाही, मॅडम," मावशी म्हणाली. "मी आठ दिवस नुसती रडत नव्हते. सुट्टीच्या वेळात त्याला पाहत होते. याचे डोळे पाहा."

बाईंनी पाहिलं. लांब मिशांच्या भुंगेऱ्याच्या डोळ्याला खाच असते हे मघाशी सांगितलंच. पण याची खाच आरपार गेली होती. प्रत्येक डोळ्याचे दोन तुकडे, एक मिशीच्या वर, एक खाली, मध्ये चकचकीत पट्टी. म्हणजे एकूण चार डोळे. असे दुभंगलेले डोळे दुसऱ्या काही घराण्यांतही असतात, पण मावशीनं आणखी दोन गोष्टी दाखवल्या. छातीच्या दोन्ही बाजूंना जो काटा असतो तो बाहेर न जाता आकड्यासारखा मागे वळलेला. आणि पंखकवचांची टोकं गोल नाहीत, प्रत्येकाला दोन बारीक दात. "हे तिन्ही एकत्र आपल्या कुठल्याच पेटीत नाहीत. मी सगळ्या पेट्या पाहिल्या. थोरल्या साहेबांनीही हे लिहिलंय, पण शेवटच्या ओळीत. त्यांचा जीव बारा पेरांत अडकला."

बाई म्हणाल्या, "पटतंय. पण याची खरी मिशी कशी ते कुणालाच माहीत नाही. अर्ध्या मिशीवर घराणं कसं उभं करू? दुसरा नमुना हवा, अखंड." मग थांबून म्हणाल्या, "आणि थोरल्या साहेबांना कोण सांगणार?"

"मीच सांगते," मावशी म्हणाली.

थोरले साहेब तेव्हा चौऱ्याऐंशीचे होते. गावाच्या टोकाला मुलीकडे राहायचे. मावशी मला सोबत घेऊन गेली. मला वाटतं, तिला एकटीला ते दार वाजवता आलं नसतं. साहेब खिडकीपाशी बसले होते, मांडीवर शाल. मावशीनं डबी उघडून त्यांच्यापुढे धरली आणि एका दमात सगळं सांगितलं. केस, लाख, पाच आणि सात.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "पस्तीस वर्षं! किती माणसं येऊन पाहून गेली. कुणाला दिसलं नाही, आणि तुम्हाला दिसलं?"

"कुणालाच दिसलं नसतं, साहेब. पडला म्हणून दिसलं. जोडच तसा होता."

"कुणी जोडला होता?"

"माझ्या वडिलांनी."

साहेबांनी हात पुढे केला, भिंग मागितलं आणि डबीवर वाकले. हात थरथरत होता, म्हणून मावशीनं खालून त्यांचं मनगट धरलं. ते कितीतरी वेळ पाहत राहिले. मग मागे टेकले. रागाचा लाल रंग उतरला होता.

"ते पार्सल फुटून आलं होतं," ते हळूहळू म्हणाले. "सात भुंगेरे, सगळे एकमेकांत कालवलेले. तळाशी मिशा-पायांचा चुरा. त्यातले मापात बसतील ते तुकडे मी वेचले, पुडी बांधली आणि तुमच्या वडिलांकडे पाठवली. चिठ्ठीत लिहिलं, जोडून द्यावे. त्यांनी दिले. मग मी पेरं मोजली." ते थांबले. "मी मोजली. पाहिली नाहीत. आणि मिशी दुरुस्त केलेली आहे, हे मी लेखात लिहायला हवं होतं. तेही लिहिलं नाही. बाराच्या आकड्यानं मी वेडा झालो होतो."

साहेब पुढे म्हणाले, "लिहा. माझं नाव घालून लिहा की मी चुकलो. आणि तुमच्या वडिलांबद्दल असं लिहा की त्यांनी जोडलेली मिशी पस्तीस वर्षांत एकाही तज्ज्ञाला कळली नाही. हे वाक्य गाळायचं नाही."

परत येताना कोपऱ्यावर आल्यावर मावशी एकदम म्हणाली, "ऐकलंस ना? एकाही तज्ज्ञाला नाही." आणि नाक पुसलं.

आता प्रश्न अखंड नमुन्याचा. बारापेरीच्या जुन्या चिठ्ठीवर ओळ होती: 'नदीकाठची लाकडाची वखार, रानअंजिराच्या ओंडक्यावर.' वखार अजून होती. मावशी दर सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊ लागली. वखारवाले आडदांड, बोलायला फटकळ. पहिल्या दिवशी म्हणाले, "बाई, लोक इथून किडा नसलेलं लाकूड मागतात. किडा असलेलं मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच." पण त्यांना तिची गंमत वाटू लागली असावी. रानअंजिराचं मेलेलं झाड आलं की ते ओंडके बाजूला काढून ठेवायचे.

या भुंगेऱ्यांचं बालपण लाकडाच्या पोटात जातं. मादी सालीला चीर पाडून अंडं घालते, अळी आत शिरते आणि वर्षभर, कधी दोन वर्षं, लाकूड कुरतडत बोगदे करते. बाहेरून ओंडका मुका दिसतो. मावशी मात्र ओंडक्याला कान लावून बसायची. बंद पडायच्या बेतातल्या घड्याळाची टिकटिक ऐकण्यात ज्याचं आयुष्य गेलं तो कान. तीस-चाळीस ओंडके तिनं नाकारले. एके सकाळी एका ओंडक्याशी बसली ती उठेचना. वखारवाले जवळ आले.

"काय, बोलतोय का?"

"जेवतोय," मावशी म्हणाली.

तो ओंडका आमच्या घरी आला. आमच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली. मावशीनं त्याच्याभोवती बारीक जाळीचा पिंजरा केला. आईचा जीव खालीवर. "घरात सागवानी कपाट आहे आणि ही बया लाकूड खाणारा प्राणी आणून बसवते!" मावशी तिला समजावायची की हा ओल्या अंजिराचाच भोक्ता, कपाटाकडे ढुंकून बघणार नाही. आई म्हणायची, "तुझ्या भुंगेऱ्यानं मला लिहून दिलंय का तसं?" रोज सकाळी ओंडक्याखाली भुशाची छोटी ढिगुली पडायची. मावशी ओंडक्यावर पाण्याचा हबका मारायची, आई केर काढायची आणि दोघी भांडायच्या. असे चौदा महिने गेले.

मध्ये लोक बोलायचे थांबले नव्हते. संग्रहालयातली रिकामी काचपेटी सगळ्यांना दिसत होती. एक जण मावशीला तोंडावर म्हणाला, "ताई, चांगलं चाललेलं होतं, तुम्ही उगाच झाकण उघडलंत." मावशी त्याला म्हणाली, "उघडलं खरं. आता बंद करायला थोडा वेळ द्या."

त्या दिवशी मी घरी होते, परीक्षेचं वाचत. दुपार. आई गॅलरीत कपडे काढायला गेली आणि तिथूनच ओरडली, "अगं ये! लवकर ये! तुझा पाहुणा आलाय!"

मावशी झोपेतून उठून धावली. चप्पल नाही, चष्मा नाही. ओंडक्याला रुपयाएवढं गोल भोक पडलं होतं आणि जाळीच्या आत तो बसला होता. राखाडी, लवदार, खांद्यांशी काळ्या गाठी. अंग अंगठ्याच्या दोन पेरांएवढं, आणि मिशा! दोन्ही अखंड, अंगाच्या अडीच पट, मागे वळून जाळीला टेकलेल्या. प्रत्येक पेराच्या बुडाशी पांढरं वळं. तो एक मिशी हळूच पुढे घ्यायचा, हवेत फिरवायचा, परत मागे न्यायचा.

मावशी जमिनीवरच बसली. म्हणाली, "मला मोजवत नाही. तूच मोज."

हे ती मला म्हणाली असं मला वाटलं, पण पुढे झाली आई. तिनं काढलेले कपडे खांद्यावर टाकले, पिंजऱ्यापाशी वाकली आणि बोट धरून मोठ्यानं मोजू लागली. "एक. दोन. तीन. ए, हलू नकोस रे बाबा. चार. पाच." पाचाशी ती अडखळली, मग पुढे. "सहा. सात. आठ. नऊ. दहा. अकरा." दुसरी मिशी. पुन्हा अकरा. मग आईनं मावशीकडे पाहिलं. "डोळे बघू का?" आणि न थांबता मोजले. "चार."

दोघी बहिणी गॅलरीच्या फरशीवर बसून हसत होत्या आणि रडत होत्या. शेजारच्या काकू डोकावून विचारत होत्या, "काय झालं? सगळं बरं आहे ना?" आई म्हणाली, "आमच्याकडे भुंगेरा झालाय!" काकू आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

आठवड्यात त्याच ओंडक्यातून मादी निघाली. तिच्या मिशा थोड्या आखूड, पण पेरं तितकीच, डोळे तितकेच, काटे तसेच मागे वळलेले, कवचाच्या टोकांना तेच दोन दात.

मावशीनं विभागप्रमुख बाईंना कळवलं आणि त्याच संध्याकाळी नराला जाळीच्या डब्यात घालून थोरल्या साहेबांकडे नेलं. साहेबांना आता फारसं दिसत नव्हतं. मावशीनं भुंगेरा दोन बोटांत अलगद धरला. या भुंगेऱ्यांना धरलं की ते मानेकडचा भाग मागच्या भागावर घासतात आणि बारीक आवाज करतात. मावशीनं तो साहेबांच्या कानाशी नेला. किर्र. किर्र. किर्र.

साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, "याचा आवाज कसा ते मला माहीतच नव्हतं. मी याला नाव दिलं, पण भेटलो आज." मग विचारलं, "किती?"

"अकरा."

"छान," साहेब म्हणाले. "घराण्यासारखं वागला."

लेख लिहायला वर्ष लागलं. मजकूर बाईंचा, चित्रं सगळी मावशीची, लेखाच्या डोक्यावर नावं दोघींची. मावशी म्हणत होती, "माझं नाव खाली आभारात घाला." बाईंनी ऐकलं नाही. साहेबांनी सांगितलेली दोन्ही वाक्यं त्यात आहेत, चूक कुणाची हेही आणि जोड कुणाचा हेही. आईनं तो अंक देवघरात नाही ठेवला, पण ठेवला तो आल्यागेल्याच्या नजरेस पडेल अशाच जागी. लेखातला एकही शब्द तिला कळत नाही. तरी पाहुण्यांना पान उघडून बरोबर ती ओळ दाखवते.

पुढे अभ्यासकांची सभा भरली. मावशीला चित्रांबद्दल बोलायला बोलावलं. तिनं आईची साडी नेसली आणि व्यासपीठावर पंधरा मिनिटं बोलली. मी मागच्या रांगेत होते. शेवटी एक गृहस्थ उठले आणि अगदी आदरानं विचारलं, "आपलं शिक्षण कुठे झालं?"

"जिन्याखाली," मावशी म्हणाली.

लोक हसले. तिला वाटलं तिचं काही चुकलं, म्हणून तिनं घाईघाईनं सांगितलं, "म्हणजे वडिलांच्या दुकानात. घड्याळाच्या." मग हसणं थांबलं, आणि टाळ्या सुरू झाल्या त्या विभागप्रमुख बाईंनी हात वर करेपर्यंत चालू होत्या. त्या दिवशी ऊर भरून येणं म्हणजे काय ते मला कळलं. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला मी म्हणाले, "माझी मावशी आहे." तो म्हणाला, "कळलं मला. तुम्ही तिसऱ्यांदा सांगताय."

काचपेटीत आता तिघं आहेत. मध्ये जुना, त्याची मिशी मावशीनं पुन्हा जोडली नाही, दोन तुकडे शेजारी ठेवले आहेत आणि तो काळा केसही दिसू दिला आहे. दोन्ही बाजूंना नर आणि मादी. चिठ्ठीवर सगळी हकीकत आहे. फाटकावरच्या लोखंडी भुंगेऱ्याचं एक पेर लोहाराकडून कापून घेतलं. गावात त्याला अजूनही बारापेरीच म्हणतात, त्याला काही इलाज नाही.

थोरले साहेब पुढच्या वर्षी गेले. मावशी निवृत्त झाली, पण सुटली नाही. लेख वाचून दूरदेशीच्या एका मोठ्या संग्रहालयातून पत्र आलं की आमच्याही जुन्या पेट्या एकदा पाहून जा. साठाव्या वर्षी मावशी पहिल्यांदा विमानात बसली, स्वतःचा चिमटा आणि भिंग घेऊन. तिथे तीन आठवडे राहिली. आम्ही तिला आणायला गेलो तर ती पिशव्या ओढत बाहेर आली, थकलेली पण ताठ.

आईनं विचारलं, "कशी होती गं माणसं?"

"माणसं फार चांगली," मावशी म्हणाली. "गोंद वाईट. नऊ भुंगेऱ्यांचे पाय एकमेकांना गेलेत. पुढच्या महिन्यात परत बोलावलंय."